जुन्या वेलीची कारिन्यां: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझे सासरे, अण्णा, नाशिकहून आमच्याकडे तुलूजला आले होते. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग. इथल्या बागा दाखवाव्यात म्हणून आम्ही त्यांना दीड तासावरच्या कोर्बिएरच्या टेकड्यांत घेऊन गेलो. बागेच्या कडेला उभे राहून अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही. दगडगोट्यांतून वर आलेली गुडघाभर उंचीची, काळी, पिळवटलेली खोडं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चार-पाच आखूड खुंट्या. छाटणी नुकतीच झाली होती आणि कापलेल्या टोकांवर पाण्याचे थेंब लोंबत होते. इथले लोक त्यांना वेलीचे अश्रू म्हणतात. अण्णा खाली बसले, कलम कुठे बांधलंय ते बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "किती वर्षांची?" बागवाल्याने सांगितलं, त्याच्या आजोबांनी लावलेली, सत्तरच्या वर. अण्णांची स्वतःची बाग पंधराव्या वर्षी काढावी लागली होती. ते परत एकदा त्या खोडावरून हात फिरवून उठले.

त्या बागेत कारिन्यां जातीची द्राक्षं होती. दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या वेलींच्या रेड वाइनबद्दल मला जे काही कळलंय ते याच जातीमुळे, म्हणून हा लेख तिच्याच बाटलीभोवती आहे. ती कशी निवडायची, कशी उघडायची, तोंडात नेमकं काय शोधायचं आणि शेजारी ताटात काय वाढायचं, हे क्रमाने सांगते.

आधी थोडी ओळख

कारिन्यां मूळची स्पेनमधल्या आरागोनची. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. मग त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करून नव्याने लागवड झाली, तेव्हा लांगदॉक आणि रूसियों या भूमध्य समुद्रालगतच्या पट्ट्यांत ही जात सगळीकडे पसरली. कारण साधं होतं, ती भरभरून पिकते. तरुण वेलीला मोकळं सोडलं तर हेक्टरी 200 हेक्टोलिटर, म्हणजे 20,000 लिटर वाइन निघू शकते. पण एवढा माल धरलेल्या वेलीची वाइन पातळ, आंबट आणि कडवट होते. अनेक वर्षं फ्रान्समध्ये सर्वांत जास्त लागवड याच जातीची होती आणि सर्वांत जास्त नावंही तिलाच ठेवली जात. 1980च्या दशकाच्या शेवटी युरोपीय समुदायाने बागा उपटण्यासाठी अनुदान दिलं, तेव्हा हजारो हेक्टर कारिन्यां उखडली गेली.

जी उरली ती बहुतेक डोंगरउतारावरची, यंत्र न पोचणारी, म्हातारी झाडं. त्यांनीच या जातीचं नाव राखलं. वय झालं की वेल आपोआप कमी घड धरते. मधली काही झाडं मेलेली असतात, काही खोडांना रोग लागलेला असतो. हेक्टरी 20 हेक्टोलिटर निघाली तरी बागवाला समाधान मानतो, म्हणजे जेमतेम 2,600 बाटल्या. मुळं खडकांच्या फटींतून खोल गेलेली असल्याने कोरड्या उन्हाळ्यातही झाड एकदम कोमेजत नाही, आणि जाड खोडात अन्नाचा साठा असल्याने पीक दरवर्षी फारसं हेलकावे खात नाही. कारिन्यां उशिरा पिकते, तिला भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पटकन लागते, त्यामुळे तिला ऊनही लागतं आणि वाराही. या भागात त्रामोंतान नावाचा कोरडा, जोरकस वारा दोन्हीची सोय करतो. भुरीचं नाव निघाल्यावर अण्णा पहिल्यांदा हसले. ती तरी दोन्हीकडे सारखीच.

बाटली निवडताना

लेबलवर 'व्हिएय व्हीन्य' असं लिहिलेलं असतं. अर्थ जुन्या वेली. हे शब्द वाचून लगेच जास्त पैसे मोजू नका. फ्रेंच कायद्यात या शब्दांना वयाची अट नाही. कुणी पंचवीस वर्षांच्या बागेला जुनी म्हणतं, कुणी ऐंशीच्या. द्राक्ष आणि वाइनची आंतरराष्ट्रीय संघटना, ओआयव्ही, हिने 2024 मध्ये व्याख्या केली: वेल किमान 35 वर्षांची हवी आणि बागेतल्या किमान 85 टक्के वेली तेवढ्या वयाच्या हव्यात. पण ती शिफारस आहे, लेबलवर बंधनकारक नाही. सुरुवातीला मीही एका दुकानातून फक्त त्या दोन शब्दांवर भुलून बाटली आणली होती. आत जॅमसारखी गोडसर, ओकच्या लाकडी पिंपाच्या वासाने झाकलेली, कुठल्याही गावची असू शकेल अशी वाइन निघाली.

म्हणून मी आता लागवडीचं साल शोधते. ज्याला आपल्या बागेचा अभिमान आहे तो मागच्या लेबलवर साल लिहितोच, निदान वेलींचं वय तरी. तेही नसेल तर हाताने तोडणी केली आहे का ते पाहा. तारेवर न चढवलेल्या, झुडपासारख्या वाढवलेल्या वेलींत तोडणीचं यंत्र चालत नाही, त्यामुळे हा चांगला पुरावा असतो.

प्रदेशांची नावं लक्षात ठेवायला सोपी आहेत: कोर्बिएर, फितू, मिनेर्व्वा, सां-शिनियां, फोजेर, आणि रूसियोंमध्ये मोरीच्या आसपासचा भाग. यांतल्या लांगदॉकमधल्या नावांत फितू सर्वांत जुनं, गोड नसलेल्या रेड वाइनसाठी त्याला 1948 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. कोर्बिएरमधल्या बूतनाक गावाच्या परिसराला 2005 मध्ये वेगळी ओळख मिळाली ती मुख्यतः तिथल्या जुन्या कारिन्यांमुळेच. एक गोष्ट मात्र अनेकांना चकवते. या मान्यताप्राप्त नावांखाली विकायची वाइन सहसा दोन किंवा जास्त जातींचं मिश्रण असावी लागते, बहुधा ग्रनाश आणि सिरा सोबत. निव्वळ कारिन्यां हवी असेल तर ती पुष्कळदा 'कोत कातालान' किंवा 'पेई दॉक' अशा दिसायला साध्या नावाखाली मिळते. नाव साधं म्हणून वाइन कमी दर्जाची असं समजू नका. मी प्यायलेल्या उत्तम कारिन्यां बहुतेक अशाच नावांखालच्या आहेत.

इथे दहा ते वीस युरोंत अतिशय चांगली बाटली मिळते. तीन ते आठ वर्षं जुनी असेल तर उत्तम. आणि जमलं तर दोन बाटल्या घ्या, एकाच उत्पादकाची साधी आणि जुन्या वेलींची. एकटी बाटली चाखून वेलीचं वय ओळखता येतं असा दावा मी करणार नाही. शेजारी शेजारी ठेवल्या की मात्र फरक जिभेला आपसूक कळतो.

तापमान

इथेच सर्वांत जास्त वाइन बिघडते. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं जे म्हणतात, ती खोली जुन्या दगडी घरातली, सोळा-सतरा अंशांची. पुण्यात किंवा मुंबईत मे महिन्यात खोली तीस अंशांवर असते. त्या तापमानाला साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलची ही वाइन नाकात झोंबते आणि फळ हरवतं. आपल्याला 16 ते 17 अंश हवेत. तीस अंशांवरची बाटली फ्रीजमध्ये ठेवलीत तर साधारण दीड तास लागेल. घाई असेल तर बादलीत अर्धं पाणी अर्धा बर्फ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, बारा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी काचेला सगळीकडून भिडतं म्हणून ते लवकर गार करतं. थोडी जास्त गार झाली तर चालेल, ग्लासात पाच मिनिटांत वर येते. जास्त गरम झालेली मात्र ग्लासात सुधारत नाही.

उघडणं आणि हवा देणं

जेवणाआधी तासभर बाटली उघडा. या वाइन अनेकदा न गाळता भरतात, त्यामुळे तळाशी गाळ असू शकतो. बाटली आदल्या रात्री उभी करून ठेवा आणि ओतताना शेवटचं बोटभर सोडून द्या.

उघडल्याबरोबर कधी विझलेल्या काडीचा, कधी अंड्यासारखा वास येतो. घाबरू नका. हवा कमी मिळाल्याने तयार झालेले गंधकाचे वास असतात ते, आणि कारिन्यांत ते बऱ्यापैकी आढळतात. काचेच्या रुंद जगमध्ये ओतून अर्धा-एक तास ठेवा, बहुधा जातात. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला तर तो बुचातला दोष, तो हवेने जात नाही. दुकान जवळ असेल तर बाटली परत करा.

जग काचेचाच घ्या. घरात छान तांब्या-पितळेची भांडी आहेत म्हणून त्यांत वाइन ओतायचा मोह होतो. आंबट ताक आपण बिनकल्हईच्या भांड्यात ठेवत नाही, तसंच हे.

ग्लास तोंडाशी किंचित निमुळता हवा आणि एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. चाखायला 60 मिलिलिटर भरपूर झाले. जेवणासोबत 750 मिलिलिटरची बाटली सहा जणांना पुरते.

चाखणं

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. कारिन्यांचा रंग गडद असतो, पिकलेल्या जांभळासारखा, कडेला जांभळट किंवा विटकरी. रंगावरून वेलीच्या वयाबद्दल काहीही ठरवू नका. या जातीच्या सालीतच रंग भरपूर असतो. एवढं पाहून पुढे जा.

वास दोनदा घ्या. पहिल्यांदा ग्लास न हलवता, मग दोन-तीनदा फिरवून. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेली क्रॅनबेरी, सावर चेरी वगैरे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण आपल्या नाकात त्या आठवणीच नाहीत. आपल्याकडे त्याहून नेमके शब्द आहेत. मला कारिन्यांत आधी पिकलेलं करवंद येतं, तेही देठाजवळच्या चिकासकट. मग जांभूळ. थोडा वेळ गेला की ज्येष्ठमध, आणि तापलेल्या लोखंडी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा एक वास. शेवटी ओवा. हा ओव्याचा वास मी मनानेच लावला असेल असं मला वाटायचं. कोर्बिएरच्या टेकड्यांवर गारिग नावाची सुगंधी झुडपांची रानं आहेत, त्यांत रानटी थाइम पायाखाली येतो, आणि थाइम व ओवा या दोघांत थायमॉल हे एकच द्रव्य आहे. म्हणजे नाक बरोबर होतं, फक्त त्याने गावाकडचं नाव सांगितलं.

पिकलेल्या केळ्याचा किंवा लहान मुलांच्या गोळ्यांचा वास खूप पुढे आला तर ही वाइन बहुधा कार्बोनिक पद्धतीने केलेली आहे. अख्खे घड कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत ठेवतात आणि आंबणं मण्याच्या आतच सुरू होतं. कारिन्यांचा तुरटपणा त्याने उतरतो. कडक जातीला नरम करण्याचा हा चांगला उपाय आहे, पण जुन्या वेलीवर तो फार वापरला तर वेलीचं बोलणं ऐकू येत नाही, असं माझं मत.

आता घोट. छोटा घ्या, तोंडभर फिरवा, पाच-सहा सेकंद ठेवा. तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, आंबटपणा. जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? कारिन्यांत तो कडक उन्हाच्या प्रदेशातही टिकून राहतो आणि हीच तिची मोठी देणगी. ग्रनाश याच उन्हात मऊ आणि गोडसर होते, म्हणून मिश्रणात तिला सावरायला कारिन्यां घालतात.

दुसरी, तुरटपणा. तो कुठे जाणवतो ते पाहा. सराव करायचा असेल तर दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा प्या, बिनसाखरेचा. हिरड्या आणि गालाची आतली बाजू खरखरीत होते ना? तेच टॅनिन. साध्या कारिन्यांत हा खरखरीतपणा सुपारीच्या खांडासारखा टोचतो. जुन्या वेलीच्या चांगल्या बाटलीत तो तेवढाच असतो, पण बारीक दळलेला. भरड पिठाची आणि दोनदा चाळलेल्या पिठाची भाकरी यांत जो फरक, तो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, मधला भाग. घोटाची सुरुवात कुठल्याही वाइनची छान असते, फळ पुढे येतं. शेवटी तुरटपणा येतो. या दोन्हींच्या मध्ये, दुसऱ्या ते चौथ्या सेकंदात काय आहे? भरपूर माल धरलेल्या तरुण वेलींच्या वाइनमध्ये तिथे पोकळी असते, जीभ वाट पाहत राहते. जुन्या वेलींच्या वाइनमध्ये ती जागा भरलेली असते. जोर जास्त नसतो, रंग जास्त नसतो, कधी कधी वास तर तरुण वाइनपेक्षाही शांत असतो, पण चव तुटत नाही. आपण गाण्यात दमसास म्हणतो तसं. म्हणून जुनी वेल म्हणजे जबरदस्त ताकदीची वाइन, ही अपेक्षा घरी ठेवून या. ताकद पिकलेपणाने आणि लाकडी पिंपानेही आणता येते. ही सलगता आणता येत नाही.

गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव आठ-दहापर्यंत राहिली आणि शेवटी किंचित कडसर, संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर बाटली चांगली निघाली. ती कडसर छटा दोष मानू नका, जेवणात तीच कामाला येते.

ताटात काय

दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवल्या की बाकी आपोआप सुचतं. चरबी आणि प्रथिनं तुरटपणा पोटात घेतात. मीठ कडवटपणा उतरवतं. तिखट अल्कोहोलची आग वाढवतं. पदार्थ गोड असला की वाइन आंबटढाण लागते. आणि तेलकट मासा आला की तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव येते, कारण रेड वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडते. बांगडा या बाटलीपासून लांब ठेवा.

तिच्या गावचं जेवण पाहिलं की जोडी कशी जमते ते कळतं. आमच्या तुलूजपासून तासाभरावरच्या कास्तेलनोदारीचा कासूले घ्या. पांढरा राजमा, बदकाचं स्वतःच्याच चरबीत शिजवलेलं मांस, डुकराचं मांस आणि सॉसेज, सगळं मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास भट्टीत. वर साय धरते ती चमच्याने आत मोडायची, परत धरू द्यायची, परत मोडायची. तीन घास खाल्ले की जीभ चरबीने बुळबुळीत होते. तेव्हा कारिन्यांचा एक घोट सगळं धुऊन काढतो आणि चौथा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. नुसती प्यायल्यावर जी वाइन थोडी कडक वाटली होती तीच इथे एकदम माणसात येते. तुरट-आंबट वाइन आणि जड, सावकाश शिजलेलं अन्न, हे लग्न या प्रदेशात कुणी ठरवून लावलेलं नाही. दोन्ही एकाच गरजेतून आली. याशिवाय थाइम लावून भाजलेली मेंढीची बरगडी, काळे ऑलिव्ह घातलेला बीफचा रस्सा, आणि मुरलेलं बकरीचं चीज, सगळी चालतात.

आता आपलं स्वयंपाकघर. मी इथे अनेक प्रयोग केले आणि काही सपशेल फसले. तांबडा रस्सा पहिल्याच वेळी बाद झाला. तिखटाने तोंड पेटलं आणि वाइनने त्यावर तेल ओतलं. गूळ-चिंचेची आमटी तर आणखी वाईट, गुळामुळे वाइन लिंबासारखी लागली. सोलकढी आणि ही वाइन, आंबटावर आंबट, एका ताटात नको.

जमलं ते सुकं मटण. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, काळी मिरी, दगडफूल, लवंग, आणि तिखट नेहमीच्या एक तृतीयांश, तेही बेडगीसारखं रंगाचं. मटण हाडासकट, मंद आचेवर दोन तास, तेल सुटेपर्यंत. भाजलेल्या खोबऱ्याची चरबी इथे बदकाच्या चरबीचं काम करते, आणि दगडफुलाचा धुरकट मातकट वास वाइनमधल्या तव्याच्या वासाशी जाऊन मिळतो. अण्णांना त्या संध्याकाळी हेच वाढलं होतं. वाइन ते फारशी घेत नाहीत, पण त्या दिवशी सकाळी ज्या खोडावर हात फिरवला त्याचीच म्हणून अर्धा ग्लास घेतला. पहिला घोट नुसता घेतल्यावर तोंड वाकडं केलं, आवळ्यासारखी आहे म्हणाले. मटणाच्या घासानंतरचा दुसरा घोट घेऊन ग्लासाकडे पाहत राहिले.

शाकाहारी ताटात चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कच्चं तेल आणि मीठ सढळ, मिरची नावापुरती. भरली वांगीही छान, शेंगदाण्याचं कूट आणि तीळ असल्याने, फक्त गूळ वगळा. काळ्या वाटाण्याची उसळ भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात करा, कासूलेची दूरची बहीणच ती. सोबत ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा बरी, तिला स्वतःचा किंचित कडवटपणा असतो.

वाढताना आधी घास, मग घोट. आणि घोटाआधी पाणी पिऊ नका, जिभेवरची चरबी घोटासाठी राहू द्या.

दुसऱ्या दिवसासाठी

बाटलीतली एक तृतीयांश वाइन मुद्दाम राखा. लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा उरणार नाही, झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस ती नीट राहते. दोन बाटल्या घेतल्या असतील तर दोन्हींतली राखा. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून सतरा अंशांवर येऊ द्या आणि पुन्हा शेजारी शेजारी चाखा. साध्या बाटलीतलं फळ बहुधा उतरलेलं असतं, नुसता आंबटपणा आणि तुरटपणा उरतो. जुन्या वेलींची मात्र बरेचदा आदल्या दिवसापेक्षा मोकळी झालेली सापडते, करवंद मागे जाऊन ज्येष्ठमध आणि ओवा पुढे आलेले. मी माझ्या वहीत बाटलीचा शेरा या दुसऱ्या दिवशीच्या घोटानंतरच लिहिते.